चादरीवरचं इंजिन

वायसरला वायसर हे नाव कुणी ठेवलं ते आता सांगता यायचं नाही. शाळेच्या दाखल्यावर त्याचं बरंसं काहीतरी नाव होतं म्हणे, पण ते दाखल्यावरच राहिलं. त्याच्या खिशात हात घातला की किल्लीच्या आधी दोन-चार वायसर हाताला लागायचे, नटाखाली घालतात त्या लोखंडी चकत्या. त्यावरून पडलं असेल. आणि तो वायसर म्हणून त्याची बायको वायसरीण. बाई गं, तुला हे चालेल का, असं तिला कुणी विचारलं नाही. तिचीही काही तक्रार नव्हती. फक्त कपडे धुवायला काढले की बादलीत खडखडाट व्हायचा, तेवढ्यावरून ती कुरकुरायची.

त्याचा एक ट्रक होता, जुना, पुढे नाक असलेला. एकतीस वर्षांपूर्वी त्यानं तो लिलावात भंगार म्हणून घेतला आणि दुसऱ्याच्या गाडीला बांधून घरी ओढत आणला. वायसरीण दारात उभी होती.

"हे काय आणलंत?"

"गाडी."

"यात गाडी कुठंय?"

"होईल," तो म्हणाला. आणि चार महिन्यांनी झाली. केबिन निळी, डावा दरवाजा दुसऱ्याच कुठल्या ट्रकचा, तो हिरवा. डिझेलचा काटा मेलेला, म्हणून टाकीत काठी बुडवून बघायचं. वायपर मोटरीवर नाही, दोरीवर चालायचा, आणि दोरी ओढायला शेजारच्या सीटवर वायसरीण. लग्नानंतर नवऱ्यानं कुठं कुठं फिरवलं, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "पाऊस असला की फिरवतात."

गाडीबद्दल तो बोलायचा तेही असं, की ऐकणारा फसलाच पाहिजे. ज्या लाकडाच्या वखारीचा माल तो वाहायचा तिथं बसून एकदा म्हणाला, "तिला कालपासून खोकला झालाय, चढावर तर धापच लागते." वखारीतला कारकून बिचारा भला माणूस. संध्याकाळी औषधाची बाटली घेऊन घरी हजर. वायसरीण समोर ठणठणीत उभी! बाटली परत कशी करायची, म्हणून तिनं ती ठेवून घेतली.

नव्या पिकअप गाड्यांचं नाव काढलं की मात्र वायसरच्या कपाळाला आठी पडायची. "बॉनेट उघडा बघू त्यांचं," तो म्हणायचा. "काय दिसतं? प्लॅस्टिकचं झाकण! खाली इंजिन आहे का सासूचं डोकं, काही पत्ता लागत नाही. जी गाडी मालकाला आपलं पोट दाखवत नाही ती मालकाची कसली? ती कंपनीची. तुम्ही आपले नुसते ड्रायव्हर." त्याच्या पुतण्यानं पांढरीशुभ्र पिकअप घेतली आणि कौतुकानं दाखवायला आणली. आत मोठा पडदा, बटणं, गार हवा. वायसरनं चारी बाजूंनी फिरून बघितली आणि एवढंच विचारलं, "बिघडली तर?" "काका, बिघडत नाहीत या." तिसऱ्या आठवड्यात ती भर बाजारात बंद पडली. सगळे दरवाजे लावलेले, तरी पडदा म्हणतोय दरवाजा उघडा आहे, आणि गाडी जागची हलायला तयार नाही. कंपनीचा माणूस दोन दिवसांनी येणार होता. वायसर दोरखंड घेऊन गेला आणि ती पांढरी बाई आपल्या ट्रकमागे बांधून त्यानं सबंध बाजारातून ओढत नेली, हळूहळू, वळणावळणावर हॉर्न वाजवत. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

आता त्याची काम करायची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिथंच घडलं.

वायसरनं आयुष्यात एक अक्षर कधी लिहून ठेवलं नाही. त्याची वही म्हणजे एक जुनी चादर. इंजिन उघडायचं झालं की वायसरीण ती चादर शेडमध्ये अंथरायची आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेवायची. मग तो एकेक नट, एकेक बोल्ट, एकेक दांडी काढायचा आणि चादरीवर मांडत जायचा, डावीकडून उजवीकडे, ओळीनं. एक ओळ भरली की खाली दुसरी. लावताना बरोबर उलटं, शेवटच्या ओळीच्या उजव्या टोकापासून मागे मागे. चादर रिकामी झाली की गाडी तयार. एकही नट उरायचा नाही, एकही कमी पडायचा नाही. त्या दिवसांत घराला एकच कायदा: जेवायला हाक मारायची, पण चादर ओलांडायची नाही. लेक लहान होती, रांगत होती, त्या दिवसांत तर वायसरिणीनं तिला कमरेवरून खाली ठेवलं नव्हतं.

आणि हे सगळं दुसऱ्या कुणाच्या बापाला जमण्यासारखं नव्हतं. का, तर एकतीस वर्षांत त्या इंजिनात कंपनीचं असं काही राहिलंच नव्हतं. एका भोकाचे आटे झिजले, म्हणून तिथं जाड बोल्ट. शेजारच्या भोकात तोच बोल्ट, पण खाली दोन वायसर. एक दांडी वाकली होती ती त्यानं घरीच सरळ केलेली, ती तिच्याच जागी बसणार, दुसरीकडं नाही. प्रत्येक तुकड्याचं घर ठरलेलं, आणि ते घर कुठलं हे फक्त वायसरच्या हाताला ठाऊक. त्याला याचा केवढा अभिमान! "चोरानं नेली तरी दोन दिवसांत परत आणून सोडेल," असं म्हणून तो हसायचा.

गेली दोन वर्षं मात्र त्याचं काहीतरी बिनसलं होतं. वायसरिणीच्या ते आधी लक्षात आलं. डिझेल बघायची काठी त्यानं एकदा रेडिएटरमध्ये बुडवली आणि "टाकी भरलेली आहे" म्हणाला. एका घरी फळ्या पोचवून आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच घरी रिकामा ट्रक घेऊन गेला, काय द्यायचं होतं म्हणून विचारायला. घरी येऊन तो त्या लोकांवरच चिडला. तिनं विषय वाढवला नाही. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्या कशाच्या म्हणून त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ताकदीच्या." त्यानंही पुढं विचारलं नाही. काही गोष्टी नवरा-बायको न बोलताच ठरवतात, त्यातली ती एक.

तरी ट्रक तो चालवत होता, आणि नीट चालवत होता. हातात स्टिअरिंग आलं की तो जुना वायसर व्हायचा. वखारीचा मालक सगळं ओळखून होता, पण इतक्या वर्षांचा माणूस, म्हणून जवळजवळची कामं त्याच्याकडेच ठेवायचा. अशात मालकाला शाळेच्या बाकांचं मोठं काम मिळालं. एक तारखेपासून रोज दोन खेपा. तो वायसरला म्हणाला, "तुझी गाडी असेल तर तुझं. नसेल तर तुझ्या पुतण्याला सांगतो. पण एक तारीख म्हणजे एक तारीख हं."

आणि बरोबर आठ दिवस आधी गाडीनं मान टाकली. पांढरा धूर, तेलात पाणी. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं डोकं, उतरवून त्याखालची पातळ पट्टी, गॅस्केट, बदलायला हवी होती. वायसर उलट खुशीत आला. "तीन दिवसांचं काम," तो म्हणाला. "अंथर चादर."

दोन दिवसांत त्यानं सगळं उतरवलं. काय सुरेख मांडलं होतं! सहा ओळी, एकेक तुकडा पुसून. वायसरीण चहा घेऊन आली की लांबूनच बघायची आणि मनात म्हणायची, उगाच मी घाबरते, यांना काही झालेलं नाही. नवं गॅस्केट आलं, हेड वर चढलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं लावायला सुरुवात केली.

दुपारी ती आली तेव्हा तो चादरीजवळ उकिडवा बसला होता. हातात एक बोल्ट. तो त्यानं एका भोकात घातला, दोन आटे फिरवला, काढला. दुसऱ्यात घातला, काढला. मग परत चादरीवर ठेवला, पण उचलला होता तिथं नाही. तिसऱ्या ओळीत. तिला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण उजवीकडून मागे यायचं असतं एवढं तिला एकतीस वर्षं माहीत होतं. तो मधूनच उचलत होता.

"चहा," ती म्हणाली.

"ठेव," तो म्हणाला. चहा तसाच गार झाला.

चौथा दिवस तसाच गेला. पाचवाही. ओळींच्या ओळी राहिल्या नाहीत; तुकडे इकडचे तिकडे झाले, आणि जे लावलं होतं ते त्यानं पुन्हा काढलं. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. पाचव्या दिवशी दुपारी त्यानं मान वर केली आणि तिला विचारलं, "तू काही हलवलंस का गं?"

रागावून नाही विचारलं. अगदी मऊ आवाजात, जवळजवळ लाडीगोडीनं. ती हो म्हणेल अशी त्याला आशा होती.

आणि ही बाई सरळपणानं म्हणाली, "नाही हो. मी कशाला हलवू?"

"मग..." तो म्हणाला. त्यानं आपले दोन्ही हात समोर धरले, उलटे केले, सुलटे केले. जॅक निसटून गाडी छातीवर यायची राहिली होती तेव्हाही तिनं त्याचा असा चेहरा पाहिला नव्हता. तो उठला, आत गेला आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

वायसरीण शेडमध्ये उभी राहिली. आपण काय बोलून बसलो! तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. घरात माणसं दोनच. चूक एकाची नसली तर दुसऱ्याची. आणि ही चूक आपली आहे हे त्या माणसाला एकदा नक्की कळलं असतं, तर तो त्या भिंतीकडून पुन्हा इकडं वळलाच नसता. गाडी जाईल, काम जाईल, ते तिला दिसतच होतं. पण त्यासोबत तोही जाणार होता.

तिनं विटा बाजूला केल्या. चादरीची चारी टोकं हातात धरली आणि उचलली. सगळं खळखळ करत मधोमध गोळा झालं. मग तिनं घासलेटच्या फडक्यानं एकेक नट पुसला आणि डब्यांत भरला, बारीक बारीक एका डब्यात, मोठे मोठे दुसऱ्यात, दांड्या जुडी बांधून कोपऱ्यात. चादर झटकून घडी घातली. कुणीही म्हणालं असतं, काय नीटनेटकी बाई आहे.

तो उठून आला आणि दारातच थिजला.

"हे काय केलंस?"

"धूळ बसत होती हो. म्हटलं, पुसून नीट आवरून ठेवावं."

मग जो आवाज सुटला! "अगं बावळट! अगं एकतीस वर्षं! एकतीस वर्षं तुला सांगतोय, चादरीला हात लावायचा नाही! माझं सगळं मांडलेलं होतं, आज संध्याकाळी गाडी चालू होणार होती!" त्यानं एक डबा उचलून भिंतीवर फेकला. गल्लीतली माणसं गोळा झाली, त्यांना त्यानं पहिल्यापासून सांगितलं, हातवारे करून, छाती काढून. वायसरीण खाली मान घालून उभी होती. तिला हायसं वाटत होतं. दोन वर्षांत त्याचा असा भरघोस आवाज तिनं ऐकला नव्हता.

बायका तिला म्हणाल्या, काय गं, इतक्या वर्षांनी अशी कशी चुकलीस? दोन गल्ल्या पलीकडं दिलेली लेक धावत आली आणि तीही चिडली. "आई, बाबांचं उभं आयुष्य होतं त्या चादरीवर. तुला कळत कसं नाही गं?" वायसरीण म्हणाली, "झाली चूक." लेकीलाही खरं सांगितलं नाही. लेक नवऱ्याला सांगणार, नवरा पुतण्याला, आणि फिरून फिरून ते वायसरच्या कानावर येणार. मग केलेलं सगळं पाण्यात.

लेकीनं गॅरेजमधला मिस्त्री आणला. त्यानं डबे बघितले, हेड बघितलं आणि दुपारपर्यंत खटपट करून हात टेकले. "यातला एकही बोल्ट पुस्तकातला नाही," तो म्हणाला. जाताना वायसरिणीला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, राग मानू नका. पण काकांचे हात बघितलेत मी. चादर तशीच राहिली असती ना, तर आज ना उद्या त्यांनीच लावलं असतं."

तो गेला, पण त्याचं ते बोलणं काही गेलं नाही. खरंच लावलं असतं का त्यानं? सहाव्या दिवशी? सातव्या? हाताला आपोआप आठवलं असतं? आपण एक दिवस आधी घाई केली का? भांडी घासता घासता तिचा हात थांबायचा. हे विचारायचं तरी कुणाला? ज्याला माहीत होतं त्याला विचारायची सोय तिनंच ठेवली नव्हती.

एक तारखेला बाक पुतण्याच्या पिकअपमधून गेले. पुतण्या पोरगा चांगला, म्हणाला, "काका, माझ्याबरोबर बसायला या." वायसर एक दिवस बसला. पट्टा लावला नाही म्हणून गाडी टीं टीं करत राहिली, आणि पट्टा कुठं अडकवायचा ते त्याला काही केल्या सापडेना. पुतण्यानं वाकून लावून दिला. दुसऱ्या दिवसापासून तो गेला नाही. पुढं दोन महिन्यांनी भंगारवाले आले आणि ट्रक तुकडे करून घेऊन गेले. ते कापत असताना वायसर खुर्ची टाकून बसला होता आणि बायकोनं काय घोळ घातला ते त्यांना सांगत होता.

पुढं पुढं त्याच्या डोक्यातून एकेक सुटत गेलं. वखार सुटली, पुतण्या सुटला. लेकीला तो कधी बहिणीच्या नावानं हाक मारी, कधी कुठल्याच नाही. पण रोज सकाळी उठला की वायसरिणीच्या नावानं शंख. "हिनं माझी चादर विस्कटली!" ती म्हणायची, "हो, माझंच चुकलं." सकाळ सुरू झाली हे तिला त्यावरूनच कळायचं. मग एक सकाळ तो काही बोललाच नाही. दुसरीही नाही. तीन आठवडे झाले. घर असं गप्प झालं, की तिला स्वयंपाकघरात एकटीला बसवेना.

एका दुपारी ती रिकाम्या शेडमध्ये त्याच्याजवळ जाऊन बसली आणि आपणहून म्हणाली, "अहो, मी तुमची चादर विस्कटली होती."

"कसली चादर?"

"इंजिनाची. सगळं मांडलेलं होतं तुम्ही."

त्यानं खूप वेळ विचार केला. मग तिच्या हातावर हात ठेवला. "असू दे गं," तो म्हणाला. "मुद्दाम थोडंच केलंस."

वर्षभराच्या शिव्या तिनं पोटात घातल्या होत्या, पण ही माफी काही पोटात जाईना. तिला रडू फुटलं आणि रडता रडता तोंडातून निघून गेलं, "मुद्दामच केलं हो."

त्यानं हात काढून घेतला. "मुद्दाम?"

"हो."

"का?"

किती दिवसांनी त्याची नजर अशी स्वच्छ झाली होती! तो तिच्याकडं बघत होता, उत्तराची वाट बघत होता. तुम्हाला जमत नव्हतं म्हणून, हे शब्द तिच्या दातांपर्यंत आले.

"असंच," ती म्हणाली.

सगळं विसरणारा माणूस, पण हे मात्र विसरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहा पुढं केला तर म्हणाला, "तू नको." त्यानंतर तिच्या हातचं पाणीसुद्धा त्यानं घेतलं नाही. ती खोलीत आली की तो अंग चोरून भिंतीला टेकतो. आता स्वयंपाक ती करते, ताट ती वाढते, आणि दोन्ही वेळा लेक येऊन ते आत नेऊन देते.

"आतल्या बाईवर लक्ष ठेवा," तो लेकीला सांगतो. "तिनं मुद्दाम केलं. का म्हणून विचारलं तर सांगत नाही."

परवा लेक रिकामं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली. "आई, बाबा रोज म्हणतात ते खरं आहे का? तू मुद्दाम केलंस?"

पलीकडच्या खोलीत खुर्ची करकरली. तो ऐकत होता.

"हो," वायसरीण म्हणाली.

लेकीनं ताट खाली ठेवलं, चपला घातल्या आणि निघून गेली.